पडद्यावरच्या पाचाला ठिपका नसतो

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पानावर पैसे देण्याच्या नव्या तऱ्हांवर आलेला लेख मी फोनमधल्या स्क्रीन रीडरकडून वाचून घेतला. लेख चांगला आहे. टॅप करायची कार्डे, क्यूआर कोड, फोनमधले पाकीट, मनगटावरचे घड्याळ, नुसता तळहात दाखवून पैसे देणे, अशी सगळी फेरी लेखकाने मारून आणली. फक्त पैसे देणे आता अगदी डोळे झाकून जमावे इतके सोपे झाले आहे, अशा अर्थाचे त्यात जे विधान आहे, त्यावर मला थोडे बोलायचे आहे. डोळे झाकून पैसे देण्याचा अनुभव लेखकापेक्षा मला जरा जास्त आहे.

माझी दृष्टी रेटिनाच्या आजाराने तिशीच्या आतच गेली. पुढची सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली आणि आता निवृत्त आहे. आकड्यांच्या कळा हा माझा पोटापाण्याचा विषय होता, म्हणून हे सांगते. टेलिफोनवर एक-दोन-तीन वरच्या ओळीत आणि शून्य सगळ्यात खाली, ही मांडणी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये निरनिराळ्या मांडण्या माणसांच्या हाती देऊन, कोणती जमते ते पाहून, १९६० च्या सुमारास ठरली. १९६३ मध्ये कळांचे फोन लोकांपर्यंत आले. पुढे एटीएमने आणि कार्ड मशीनने तीच मांडणी उचलली. पाचाच्या कळेवर एक बारीक उंचवटा असतो. डोळस माणसाला तो आहे हेदेखील बहुधा ठाऊक नसते. माझे मधले बोट त्यावर टेकले की उरलेले नऊ आकडे जिथल्या तिथे सापडतात. बऱ्याच मशीनवर रद्द करायच्या कळेवर फुली आणि मंजुरीच्या कळेवर गोल उठवलेला असतो. पिन टाकायला मला याहून जास्त काही लागत नाही. मशीन माझ्या हातात द्या आणि नजर फिरवा, चार आकडे मी तुमच्याइतक्याच वेगाने टाकते.

म्हणजे टाकत असे. आता अनेक काउंटरवर हातात येते ती एक गुळगुळीत काच. बोट फिरवावे तर कुठे काही लागत नाही. ना कड, ना उंचवटा, ना कळ दाबल्याची टक. काही मशीन तर कोणी मागून पाहू नये म्हणून आकड्यांच्या जागा दर वेळी बदलतात, त्यामुळे पाठांतराचाही उपयोग नाही. मागे रांग. कॅशियर मुलगा भला असतो, तो हळूच म्हणतो, ‘मावशी, पिन सांगा, मी टाकतो.’ मी म्हणते, नको. मग तो खरोखर गोंधळतो. मला त्याच्यावर संशय आहे असे त्याला वाटते. संशय त्याच्यावर नसतो हो. पण कार्ड देताना पिन कोणालाही सांगू नका असे बँकेने लिहून दिलेले असते, आणि सांगितलेल्या पिनने पैसे गेले तर तीच बँक तुम्हीच पिन सांगितलात म्हणून हात वर करणार. नियम पाळावा तर व्यवहार होत नाही आणि व्यवहार करावा तर नियम मोडतो. अशा वेळी मी कितीदा तरी सामान तिथेच ठेवून परत आले आहे. कधी सोबतच्या व्यक्तीने आपले कार्ड पुढे केले आहे, आणि साठी उलटलेल्या, स्वतःच्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला ते फार लागते.

हे काही चुकून झालेले नाही. कार्डांच्या सुरक्षेची मानके ठरवणाऱ्या पीसीआय परिषदेने २०१८ मध्ये साध्या फोनच्या किंवा टॅबलेटच्या पडद्यावर पिन घेण्यासाठी वेगळे मानक प्रसिद्ध केले. छोट्या विक्रेत्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, वेगळे यंत्र घ्यायला नको, हातातला फोनच मशीन होतो. सोयीला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच की त्या काचेवर आमच्यासाठी बोलणारी पद्धत असते, ती किती जणांना माहीत आहे? काही मशीनमध्ये ती असते. पडदा विशिष्ट रीतीने दाबून धरला की मशीन सूचना देते, आणि मग आकडा शोधायला बोट सरकवायचे, सापडला की उचलायचे. पण ती चालू कशी करायची हे काउंटरवरच्या मुलाला कोणी शिकवलेले नसते. मला ठाऊक असावे म्हटले तर प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. शिवाय आवाज ऐकायला इअरफोन लावायची जागा सगळ्याच मशीनना असते असेही नाही.

ऑस्ट्रेलियात हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. तिथल्या कॉमनवेल्थ बँकेने ‘अल्बर्ट’ नावाचे पडद्याचे मशीन विक्रेत्यांना दिले. तिथले माजी अपंगत्वविषयक भेदभाव आयुक्त ग्रॅम इनेस हे स्वतः अंध आहेत. त्यांनी आणि आणखी एका अंध ग्राहक महिलेने २०१८ मध्ये बँकेविरुद्ध दावा लावला. २०१९ च्या सुरुवातीला तडजोड झाली, बँकेने अडचण मान्य केली आणि सुधारणा करायचे कबूल केले. कायदा कोळून प्यालेला माणूसही त्या काचेपुढे माझ्याच जागी उभा होता, हे ऐकून मला बरे वाटले की वाईट, हे अजून ठरलेले नाही.

आता कार्डाकडे येते. पूर्वीचे कार्ड माझ्या बोटांना वाचता येत असे. क्रमांक, नाव, मुदत सगळे प्लॅस्टिकमधून वर आलेले. ते काही अंधांच्या भल्यासाठी नव्हते. कार्डावर कार्बन लावलेली पावती ठेवून वरून रोलर सरकवला की ते उठलेले आकडे पावतीवर उमटत, म्हणून ते उठवलेले. १९५० मध्ये निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड पुठ्ठ्याचे होते, १९५९ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने प्लॅस्टिकचे आणले, आणि पुढची काही दशके तो रोलरचा खर्रर्र आवाज आणि ते उठाव टिकले. मग चुंबकीय पट्टी आली, मग चिप आली, आणि उठावाचे कामच संपले. आजची कार्डे सपाट, छापील. माझ्या पर्समध्ये क्रेडिट, डेबिट, प्रवासाचे आणि आरोग्य विम्याचे कार्ड आहे. चारही एकाच मापाची, कारण आंतरराष्ट्रीय मानकाने ८५.६ गुणिले ५३.९८ मिलिमीटर हे माप ठरवून दिले आहे. हाताला चौघी जुळ्या बहिणी.

यावर लोक उपाय सुचवतात, कोपऱ्यावर एक खाच पाड. कृपया कोणी असे करू नका. टॅपच्या कार्डात तांब्याच्या बारीक तारेचा वेढा असतो, तो बहुतेक कार्डांत कडेकडेने फिरलेला असतो, आणि मशीनकडून चिपला मिळणारी वीज त्यातूनच येते. कातरीने तो तुटला की टॅप मेले. जाड ठिपका चिकटवला तर कार्ड मशीनच्या फटीत अडकते. मी चिपपासून दूर, मागच्या बाजूला पारदर्शक पट्टीवर ब्रेलचे एकेक अक्षर उठवून लावले आहे. पण ते वर्षभरात झिजते.

खरे तर याचा उपाय निघालेला आहे. मास्टरकार्डने २०२१ मध्ये ‘टच कार्ड’ नावाची रचना जाहीर केली. कारखान्यातच कार्डाच्या कडेला खाच, क्रेडिटला चौकोनी, डेबिटला गोलसर, प्रीपेडला त्रिकोणी. ब्रिटनमधल्या अंधांसाठीच्या आरएनआयबी संस्थेने ती तपासून पसंत केली. खाच असल्याने कार्ड कुठल्या बाजूने आत घालायचे तेही कळते. यात ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर, ना शिकवणी. इतकी साधी गोष्ट सगळ्याच बँकांनी सगळ्याच कार्डांवर का करू नये? अंधांसाठी वेगळे कार्ड मागवा म्हणतात, ते मला पटत नाही. वेगळा अर्ज, वेगळा दाखला, वेगळी वाट पाहणे. खाच सगळ्यांच्या कार्डाला असली तर अंधाऱ्या गाडीत पाकीट चाचपणाऱ्या डोळसालाही ती उपयोगी पडेल.

(जाता जाता, महागडी धातूची कार्डे निघाली आहेत त्यांची मी चेष्टा करत असे. एकदा भाचीचे कार्ड हातात घेतले आणि मत बदलले. वजनावरून ते पर्सच्या तळातूनही ओळखू येते. पण आपले कार्ड ओळखता यावे यासाठी माणसाने श्रीमंत असावे, ही अट जरा जास्तच झाली.)

माझ्या मते मुख्य मुद्दा रक्कम हा आहे. पिनशिवाय टॅप करायची सोय आली तेव्हा आमच्यातले बरेच जण खूश झाले, मीही. काच टळली. पण टॅप करण्याआधी मशीनवर रक्कम किती आहे हे मला कोण सांगणार? माझ्या बाजूने कॅशियरचा शब्द, आणि एक शून्य जास्त पडले असेल तर ते टॅप झाल्यावर फोनवर संदेश आला की कळणार. आणि तंत्रज्ञान काय आहे पाहा. चिपचे कार्ड टॅप केले की मशीन रक्कम त्या चिपला कळवते, आणि चिप ती रक्कम धरूनच त्या व्यवहारापुरती सांकेतिक सही तयार करते. म्हणजे रक्कम माझ्या हातातल्या कार्डापर्यंत येऊन पोचते. फक्त माझ्या कानापर्यंत येत नाही. विक्रेत्याकडे मात्र पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा स्पीकर असू शकतो. तो विक्रेत्यासाठी असतो, आणि पैसे गेल्यावर बोलतो. तोच आवाज आधी आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून आला असता, तर हे पत्र निम्मे झाले असते. फ्रान्सच्या थालेस कंपनीने ब्लूटूथने फोनला जोडले जाणारे आणि मशीनवरची रक्कम फोनमधून बोलून दाखवणारे कार्ड तयार केले आहे. म्हणजे अशक्य काही नाही.

क्यूआर कोडचे कौतुक लेखात बरेच आहे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी काढला, तो आता पैशांच्या कामाला लागला, हे मला गमतीचे वाटते. पण चिकटवलेला कोड आधी शोधायचा, मग कॅमेरा त्यावर सरळ धरायचा, हे न दिसणाऱ्याला किती जमेल? डावीकडे, थोडे वर, अजून वर, असे कोणीतरी सांगत असते आणि मी फोन घेऊन हवेत हात फिरवत असते. उलट पद्धत मला जमते. कोड माझ्या फोनवर, आणि वाचणारे यंत्र त्यांच्याकडे. त्याहून टॅप बरा, कारण नेम धरावा लागत नाही, जवळ नेले की झाले. तेव्हा क्यूआर आणि टॅप यांत जास्त आधुनिक कोणते, या चर्चेत मला रस नाही. कोणाला नेम धरावा लागतो ते मला कळते.

फोनमधल्या पाकिटाबद्दल मात्र मी मनापासून चांगले बोलेन. २०१४ मध्ये ॲपल पे आले, नंतर तशी इतर आली. माझा अंगठा माझ्याच फोनवर, आणि फोन माझ्याशी बोलणारा. मशीनकडे कार्डाचा खरा क्रमांक जातच नाही, त्याच्या जागी टोकन म्हणून दुसरा क्रमांक जातो, त्यामुळे कोणी टिपून घेण्याची भीती कमी. काचेवर पिन टाकायची वेळ बहुधा येत नाही. पण हे सगळे चांगला फोन, तो सराईतपणे वापरण्याची सवय आणि शिल्लक बॅटरी यांच्या भरवशावर. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोघीतिघींना यातले एकही जमत नाही, आणि त्यांना जमायलाच हवे असा हट्ट धरणे मला योग्य वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये मास्टरकार्डने कार्डावरच बोटाचा ठसा घेणाऱ्या कार्डाची चाचणी केली होती. मशीनमध्ये कार्ड घालायचे आणि अंगठा त्यावरच्या चौकटीवर ठेवायचा, पिन नाही, फोन नाही. त्या कार्डाची मी वाट पाहते आहे.

ऑनलाइनचे थोडक्यात. कार्डामागचे तीन आकडे सपाट छापलेले, म्हणजे ते वाचायला दुसरा माणूस हवा, आणि ते ज्याने वाचले त्याला ते कळले. म्हणून कार्डावर क्रमांकच न छापता तो ॲपमध्ये ठेवण्याची जी टूम निघाली आहे, ती इतरांना चमत्कारिक वाटली तरी मला आवडते. ॲपमधला क्रमांक स्क्रीन रीडर माझ्या कानात सांगतो. ओटीपीची वेळ मात्र डोळसांच्या वेगावर बेतलेली असते. संदेश उघडायचा, ऐकायचा, परत पानावर यायचे, चौकट शोधायची, तोवर मुदत संपते. आणि बँकांच्या पानांवरचे ते आकडे विस्कटलेले कळफलक! सुरक्षेसाठी म्हणून त्यांतल्या कळांना नावेच दिलेली नसतात, आणि स्क्रीन रीडर दहाही कळांना एकच नाव घेऊन हाका मारतो.

पिन चार आकड्यांचाच का, याची एक गोष्ट मला फार आवडते. १९६७ मध्ये लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने नोटा देणारे यंत्र बसवले. त्याचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या डोक्यात आधी सहा आकडे होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी पत्नीला विचारले, तेव्हा कॅरोलिनबाई म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतील. म्हणून चार, असे ते स्वतः सांगत. घरातल्या एका माणसाला विचारले आणि जगभर तीच रीत पडली. आज नवे मशीन बनवणाऱ्यांच्या टेबलाशी आमच्यापैकी कोणी बसलेले असते का, हे मला विचारायचे आहे. आणि आम्ही मूठभर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचे किंवा लांबचे पाहण्यात काही ना काही अडचण आहे. त्यांत चष्मा घरी विसरलेले आजोबाही आले.

नोटांच्या बाबतीत उलटे झाले, हेही सांगायला हवे. युरोच्या नोटा किमतीनुसार लहानमोठ्या आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून नव्या नोटांवर उठावाचे ठिपके दिले. एटीएमही बोलायला लागले. कॅनडात ओटावा इथे १९९७ मध्ये रॉयल बँक ऑफ कॅनडाने बोलणारे एटीएम बसवले, तेही अंध ग्राहकांनी तक्रार लावून धरली म्हणून. रोख पैसा आम्हाला ओळखू येऊ लागला आणि नेमक्या त्याच काळात सगळे जग रोखीकडे पाठ फिरवून काचेकडे निघाले.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये सुगम्यतेचा कायदा केला आणि २८ जून २०२५ पासून तो लागू झाला. पैसे भरण्याची मशीन, एटीएम, बँकांची ॲप्स, ऑनलाइन विक्री हे सगळे त्यात येते. मी आनंदाने ऐकायला बसले. पण पुढे कळले की आधीपासून वापरात असलेल्या स्वयंसेवा यंत्रांना त्यांचे आयुष्य संपेपर्यंत, जास्तीत जास्त वीस वर्षे, सवलत देता येते. वीस वर्षे! मी तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर असेन.

म्हणून कायद्याच्या तारखांपेक्षा मशीन विकत घेणाऱ्यांकडे माझे मागणे आहे. पुढची ऑर्डर देताना विचारा की कळा आहेत का, नसल्या तर बोलणारी पद्धत पहिल्याच पडद्यावरून चालू होते का, आणि मशीन रक्कम आधी बोलते का. काउंटरवर बसणाऱ्या मुलामुलींना ती पद्धत चालू करायला शिकवा, पाच मिनिटांचे काम आहे. आपल्या लेखकांनाही विनंती की पुढच्या वेळी एखाद्या नव्या मशीनचे किंवा ॲपचे परीक्षण लिहाल तेव्हा वेग, सवलती, रिवॉर्ड पॉइंट यांच्याबरोबर एक ओळ याचीही लिहावी. कंपन्या तुमची परीक्षणे वाचतात, आमच्या तक्रारी फारशा वाचत नाहीत.

आणि हे सगळे सांगता सांगता आपल्या घरचेही सांगते. आपल्या वर्तमानपत्राच्या ऑनलाइन वर्गणीच्या पानावर पैसे भरण्याची जी कळ आहे, तिला नाव दिलेले नाही. स्क्रीन रीडर तिथे पोचला की नुसता ‘बटण’ म्हणतो, आणि त्याच्या शेजारचे रद्द करण्याचे आहे तेही ‘बटण’. त्यामुळे माझी वर्गणी दर वर्षी भाची भरते. आपल्या तांत्रिक विभागातल्या कोणी तेवढी दोन नावे घातली, तर पुढच्या वर्षीची मी स्वतः भरेन.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)